आईला रात्री वाचून दाखवायला पुस्तक सुचवा (गावाचं, नापिकीचं सोडून)

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन. म्हणजे साहित्याचा नि माझा कागदोपत्री काही संबंध नाही. पण दिवाळीपासून वाचनाचं जे वेड लागलं ते सुटून नाही राहिलं. सकाळच्या बसनं जायचं, प्रॅक्टिकल आटपायचं आणि परतीच्या बसची वाट पाहत स्टँडवर बसायचं. तिथं वाचण्यासारखी दोनच कामं असतात, एक पुस्तक आणि दुसरं भिंतीवरच्या मूळव्याधीच्या जाहिराती.

पण प्रश्न माझ्या वाचनाचा नाही, आईच्या ऐकण्याचा आहे.

रात्री लाईट गेली की मी वाकळीत शिरून मोबाईलच्या टॉर्चवर वाचायची. आईला वाकळीतून उजेड दिसे आणि तिचा समज झाला की पोरगी कोणाशी तरी चॅटिंग करून राहिली. थोडे दिवस दम धरला तिनं. मग एका रात्री वाकळच ओढली. "काय पाहून रायली व येवढं?" म्हटलं, पुस्तक आहे. "मंग वाच. मोठ्यानं वाच, मले आयकू दे." तर स्वतःची अब्रू वाचवायला मी मोठ्यानं वाचायला लागली, आणि तेव्हापासून ते चालूच आहे. आई चौथी शिकली आहे. बसची पाटी, रेशनची पावती वाचते, पण पुस्तक हातात घेतलेलं मी तिला कधी पाहिलं नाही.

त्या रात्री हातात होतं उद्धव शेळक्यांचं 'धग'. १९६० सालचं पुस्तक, पण त्यातली मुख्य बाई, कौतिक, बोलते ते आमच्या गल्लीतल्या बायांसारखं. आईला आधी खरंच वाटेना. मधेच थांबवायची, "असं लिवलं हाय का तूच मनानं सांगून रायली?" मग पान टॉर्चखाली धरून ओळीवर बोट ठेवून दाखवावं लागे. पहिल्या काही रात्री ती नुसती हसत होती. मग कौतिकच्या घरची ओढाताण वाढत गेली, नवऱ्याचं काही धड जमेना, ती लोकाच्या वावरात मजुरीला जाऊ लागली, तसं आईचं हसणं बंद झालं. एक दिवस म्हणाली, "ठेव बाई ते. दिवसभर तेच करतो, आता रात्री आयकू बी तेच?"

आईच्या बाजूनंही सांगते. कापूस वेचायला ती किलोवर जाते. दिवस बुडता बुडता वजन होते, मग घरी येऊन चूल. तिची बोटं पाहिली तर पऱ्हाटीच्या बोंडाची टोकं कशी लागतात ते कळेल. तिला कौतिकची गोष्ट समजली नाही असं नाही. फार समजली.

'धग' मी पुढं एकटीनं पूर्ण केलं. माझं मत विचाराल तर मी वाचलेल्यात सगळ्यात वर तेच. लेखक कुठंच मधे येऊन "पाहा, किती गरिबी" असं म्हणत नाही. कौतिक उठते, काम करते, भांडते, पुन्हा उठते.

मग सदानंद देशमुखांचं 'बारोमास' आणलं. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला. त्यात एकनाथ आहे, शिकलेला, नोकरी नाही, घरी शेती आणि शेतीत काही नाही. मला वाटलं हे आजकालचं आहे, आवडेल. त्या रात्री बाबा पण खाटेवर पडून ऐकत होते. काही बोलले नाहीत. उठले आणि ढोरांना वैरण टाकायला गेले. वैरण आधीच टाकलेली होती. सकाळी आईनं चुलीपाशी बसून हळूच सांगितलं, "ते पुस्तक तू कॉलेजात वाच."

आता खरी मजा. मी बसमध्ये विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' वाचून राहिली होती. लहानसं आहे, १९३९ चं. लेखकाचा जन्म अमरावतीचा, पण गोष्ट जहाजावरची. युरोपातून मुंबईकडं येणारं जहाज, त्यात जर्मनीतून हाकलून दिलेले ज्यू लोक, त्यात हॅर्टा नावाची मुलगी आणि तिच्या प्रेमात पडलेला आपला एक मराठी माणूस. मी समुद्र पाहिलेला नाही. आईनं तर यवतमाळच्या पुढं काही पाहिलं नाही, एकदा शेगावला गेली होती तेवढंच. म्हटलं, हिला हे काय कळणार? पण घरी दुसरं पुस्तकच नव्हतं म्हणून वाचलं.

मंडळी, आईनं ते पुस्तक सोडलंच नाही. तिचे प्रश्न ऐका. येवढ्या लोकांचा सैपाक कोण करते? पाणी खारं, तर मंग पितात काय? पोटुशी बाई असली तर? आणि ती हॅर्टा, तिला कोणताच देश उतरू देत नाही, हे काही आईच्या डोक्यात बसेना. "देश नाही म्हंजे कसं? जन्मली कोठी मंग?" मी समजावून सांगितलं की जन्मली तिथल्याच सरकारनं काढून टाकलं, तुम्ही आमचे नाही म्हणून. आई बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणे, "म्हंजे रेशन कार्डातून नाव काटलं." शेवटल्या पानांना तर ती रडली. कौतिकसाठी नाही रडली, त्या हॅर्टासाठी रडली.

आता माझं डोकं काहून फिरलं ते सांगते. आमच्याकडं एक सर आहेत (विषय दुसराच, पण वाचतात). त्यांना मी हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही ग्रामीण विद्यार्थ्यांनी आधी ग्रामीण साहित्य वाचावं, ते तुमच्या जवळचं आहे." यादी पण दिली. यादीतली पुस्तकं वाईट नाहीत, मी वाचीनच. पण पुण्याच्या पोराला कोणी सांगते का, की बापू, तू आधी सदाशिव पेठेचं वाच? त्यांनी आमचं गाव पाहायला 'धग' वाचावं आणि आम्ही पण आमचं गावच पाहायला 'धग' वाचावं? मग जहाज कोणी पाहावं?

तर सुचवा. अटी अशा: भाषा फार जड नको. रात्री अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यात काहीतरी एक पूर्ण झालं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी आई विसरते आणि मागचं सगळं सांगावं लागते. पात्रं फार नको. कर्ज, फवारणी, फास हे नको. आणि "यश कसं मिळवाल" छाप नको. स्टँडवरच्या दुकानात एमपीएससीच्या गाईडांशिवाय तेवढंच मिळते. एक घेतलं होतं मी. त्यात पहिलाच नियम की पहाटे पाचला उठा. आमच्याकडं पाचला उठायला पुस्तक नाही लागत, म्हैस लागते.

तालुक्याच्या वाचनालयात कपाटांना कुलपं आणि खुर्च्यांवर स्पर्धा परीक्षेची पोरं. त्यामुळे पुस्तक मिळेल कुठं हे पण सांगा. आजी पण ऐकायला बसते, पण तिला पोथीशिवाय काही चालत नाही, पाच मिनिटांत घोरते.

---

ड_वर्गाचा_शिपाई

ताई, मी एका खेड्यातल्या वाचनालयात आहे. नाव शिपाई असलं तरी ग्रंथपाल, लिपिक, झाडूवाला सगळं मीच. आधी कुलपाचं सांगतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणं अनुदान. आमच्यासारख्या ड वर्गाला जे येतं त्यातच पगार, पेपर, लाईट बिल, पुस्तकं. पोरं अभ्यासिकेत आपापली गाईडं घेऊन येतात, कपाटाकडं कोणी ढुंकून पाहत नाही, म्हणून कुलूप लागतं. वाईट हेतू नसतो. तुम्ही जाऊन सरळ सांगा की मला कथा-कादंबरीचं कपाट उघडून द्या. दोनदा सांगा. पुस्तक बाहेर गेल्याची नोंद रजिस्टरला झाली तर ती त्यांच्याच कामाची असते, तपासणीला दाखवता येते.

आता पुस्तक. डोळे झाकून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. बाईंना शाळा नव्हती, लिहायला-वाचायला नवऱ्यानं शिकवलं. नवरा म्हणजे कवी रेव्हरंड टिळक. मोठा माणूस, पण संसारात असा की आज घरात, उद्या कुठं ते देवाला ठाऊक. हातातले पैसे वाटून मोकळा. १८९५ मध्ये घरी न सांगता ख्रिस्ती झाले. बाई मागं राहिल्या, रडल्या, भांडल्या, नंतर काही वर्षांनी स्वतःहून गेल्या. आणि हे सगळं त्या हसत सांगतात. रडायची जागा आली की हमखास काहीतरी असं बोलतात की वाचणाऱ्याला हसूच फुटतं. एकेक प्रसंग छोटा आहे, तुमची अर्ध्या तासाची अट बसते. काही वर्षं हे कुटुंब नागपुरातही होतं, तेवढा विदर्भ चालेल ना आईला?

दुसरं म्हणजे बाई १९३६ मध्ये गेल्या. लेखक गेल्यावर ६० वर्षांनी आपल्याकडं कॉपीराइट संपतो, म्हणून हे पुस्तक बऱ्याच प्रकाशकांनी काढलंय आणि स्वस्तही मिळतं. पण घेताना पूर्ण आवृत्ती आहे का ते पाहा. संक्षिप्त नका घेऊ, मजा कापलेली असते.

---

तिवस्याचा_हॉस्टेलवाला

मी अमरावती जिल्ह्यातला, सध्या पुण्यात खोली करून राहतो, कारण सगळ्यांना ठाऊक आहे, स्पर्धा परीक्षा.

ताई, तुझी पोस्ट आवडली पण पटली नाही. 'धग' बंद करायला सांगितलं हे मला लागलं. कित्येक वर्षं मराठी कादंबरीत आपल्या वऱ्हाडी बोलीतली माणसं म्हणजे गडी नाहीतर विनोदी मोलकरीण. शेळक्यांनी तिला मधोमध बसवलं. ते वाचायला आपणच कंटाळलो तर मग वाचणार कोण? आणि "नापिकीचं नको" म्हणून चालते का? २०१९ चं साहित्य संमेलन तुझ्याच यवतमाळात झालं. त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, शेतकऱ्याची विधवा. त्यांनी 'तेरवं' नाटकात स्वतः काम केलं. स्वतःचं दुःख स्वतः स्टेजवर उभं राहून सांगितलं त्यांनी, आणि आपण म्हणायचं की रात्री नको?

---

पऱ्हाटी

हॉस्टेलवाले भाऊ, एक सांगा. तुम्ही 'धग' कुठं वाचलं?

---

तिवस्याचा_हॉस्टेलवाला

पुण्यात. सदाशिव पेठेतच, तुझ्या भाषेत. दुसऱ्या वर्षी प्रिलिम हुकली होती तेव्हा. रूममेट झोपला होता. एका बैठकीत वाचलं आणि माय बोलून राहिली असं वाटलं.

---

पऱ्हाटी

तेच म्हणून राहिली मी. तुमची माय जवळ नव्हती म्हणून तुम्हाला ते पुस्तक माय झालं. माझी इथं दोन हात अंतरावर बसून शेंगा सोलून राहिली आहे, तिला पुस्तकातली कशाला पाहिजे?

आणि 'तेरवं'चं म्हणाल तर त्या ताईंनी स्वतः ठरवलं सांगायचं. आईनं ठरवलं नाही ऐकायचं. दोन्ही त्यांच्या मर्जीनं झालं, मला तर यात भांडण दिसत नाही. 'धग' मी कुठं सोडलं, मी तर दुसऱ्यांदा वाचायला काढणार आहे. मी फक्त आईवर लादणार नाही.

(तिवस्याचे आहात म्हणून विचारते, तुकडोजी महाराजांची मोझरी तुमच्या तालुक्यातच ना? आमच्या बाबांची ग्रामगीता तिथूनच आणलेली आहे. ४१ अध्याय आहेत, बाबांना त्यातल्या बऱ्याच ओव्या तोंडपाठ. 'बारोमास'ला उठून जाणारा माणूस ग्रामगीतेला मात्र मांडी घालून बसतो. त्यात पण गावच आहे, दारिद्र्यही आहे. पण तिथं पुढं काय करायचं ते सांगितलेलं असते, म्हणून असेल का?)

---

तिवस्याचा_हॉस्टेलवाला

हो, आमचीच मोझरी. आणि ते ग्रामगीतेचं बरोबर वाटते. बाकी माघार नाही घेत मी. आईला नाही तर तुझ्या वर्गातल्या पोरींना वाचून दाखव 'धग'. त्यातल्या किती जणींनी नाव तरी ऐकलं आहे ते विचार.

---

पऱ्हाटी

विचारलं होतं. एकीनं. बाकीच्या मोबाईलवर प्रतिलिपी ॲपमधे मालिका वाचतात, सासू-सून-बॉस. मी नावं नाही ठेवत, त्या रोज वाचतात तरी.

---

पीडीएफ_प्रेमी

'रणांगण'ची पीडीएफ आहे का कोणाकडं? टेलिग्रामला टाका.

---

ड_वर्गाचा_शिपाई

नाही टाकणार. बेडेकर १९९८ मध्ये गेले, हक्क अजून शिल्लक आहेत. पुस्तक पातळ आहे हो, दोन वेळच्या चहा-समोशाच्या पैशात काही कमी-जास्त होईल. फुकटच पाहिजे तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची स्वतःची बरीच पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोशही नेटवर फुकट आहे. सरकारनंच ठेवलंय, चोरी नाही.

---

वणीचे_काकाजी

पोरी, पहिले तुया मायले माया नमस्कार सांग. रेशन कार्डातून नाव काटलं! मी बत्तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला, दुसरं महायुद्ध फळ्यावर नकाशे काढून काढून शिकवलं, पण येवढ्या थोडक्यात मले नाही सांगता आलं.

आता माया सल्ला. पुस्तक नको, नाटक वाच. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. आपल्याच जिल्ह्यातले, पारव्याचा जन्म त्यायचा, १९३९ चा. नाटक १९८५ सालचं. तू म्हणशील काकाजी, गावाचं नको म्हटलं नं मी. थांब जरा. हे गाव तुया मायचं नाही, वाड्यातलं हाय. देशपांडे म्हणून जुने जमीनदार, वाडा पडत चालला, अंगणात ट्रॅक्टर गंजून रायला, आणि आतमधी सोन्यावरून, जमिनीवरून, कोण शहरात गेलं अन् कोण गावात सडलं यावरून धुसफूस. तुया मायनं असा वाडा बाहेरून पाहिला असन. कामाले गेली असन त ओसरीपर्यंत. आता तिले आतून दाखव. वाडेवाले बी कसे रडतात ते पाहू दे एकदा. मले वाटते ती मजेनं आयकन.

अन् नाटक वाचाले सोपं. कोण बोलून रायलं ते सांगाव लागत नाही, आवाज बदलला की झालं. त्यात एक म्हातारी दादी हाय, कानानं-डोयानं अधू, आतल्या खोलीतून घडी घडी वेळ विचारते. तिचा आवाज मी आमच्या घरी काढतो त नातू पोट धरून हासतात. अन् प्रभा नावाची पोरगी हाय. तिले शिकाचं होतं, बापानं शिकू नाही देल्लं. ते वाचताना तुले काय वाटन ते मी आता नाही सांगत.

आमच्या घरी मी, सूनबाई अन् दोन नातू मिळून तीन रात्री वाचलं. नातवाले चंदूचं काम देल्लं. तो म्हणे आबाजी, हा त नुसतं ओझंच उचलते.

---

नवेगावबांधचा

झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भातून बोलतो. आमच्याकडं आईला पुस्तक वाचून दाखवायची पाळी येत नाही, दिवाळीनंतर वडसा गावच्या नाटक कंपन्यांची नाटकं गावोगाव लागतात, आई रात्रभर तिथंच. पण तुम्हाला जहाजासारखं वेगळं पाहिजे असेल तर मारुती चितमपल्ली. सोलापूरचा माणूस, वनखात्यात नोकरी, आमच्या नवेगावात कित्येक वर्षं राहिले. २०२५ मध्ये गेले. 'रानवाटा' घ्या, लेख सुटे सुटे आहेत. पक्षी, तळं, जंगलातली माणसं. तुम्ही प्राणिशास्त्रवाल्या, तुमचाही फायदा. आईला विचारा की चितमपल्ली सांगतात तो पक्षी तुमच्या शिवारात कोणत्या नावानं ओळखतात. अर्धा तास तीच बोलेल, तुम्हाला वाचावं लागणार नाही.

---

सरमिसळ

आजीसाठी: लीळाचरित्र. पोथीच आहे म्हणा ना तिला, खोटं नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी लोकांकडून गोळा करून आपल्या रिद्धपुरात लिहून काढल्या. एकेक लीळा पाच-दहा ओळींची. स्वामी इथं गेले, अमक्यानं असं विचारलं, ते असं बोलले. भाषा जुनी आहे, अर्थ दिलेली आवृत्ती घ्या. रिद्धपूरला आता मराठीचं विद्यापीठ झालंय, तुमची बी.एस्सी. आटपली की विचार करा.

---

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. थोडं उशिरा लिहिते, मधे प्रॅक्टिकल परीक्षा आणि घरी तुरीची सोंगणी दोन्ही एकदम आलं.

शिपाईदादा, तुमच्या सांगण्यावरून कुलूप उघडून घेतलं. पहिल्यांदा मागितलं तर "उद्या या" झालं. दुसऱ्या वेळी रजिस्टरचं बोलली तर किल्ली लगेच निघाली. आत 'स्मृतिचित्रे' होतं, जाडजूड, पूर्ण. पुठ्ठ्यावर वाळवीनं नक्षी काढलेली पण आतली पानं शाबूत. मागं तारखांचा कागद चिकटवलेला आहे, त्यावर शेवटचा शिक्का माझ्या जन्माआधीचा.

आईचा निकाल: टिळकांवर तिचा भयंकर राग आहे. रोज विचारते, "आला का तो वापस?" आला म्हटलं की "आता काय उधयून आला?" लक्ष्मीबाई मात्र तिची मैत्रीण झाली. बाईचं माणूस पळून गेलं अन् बाई असं लिहिते, याचंच तिला नवल. बाबा पण बसतात. कर्जाचा उल्लेख त्यात पण येतो, उसनवारी येते, घरात दाणा नाही हे पण येते. मी वाचताना थबकली तर आईच म्हणाली, "वाच नं समोरचं, काहून थांबली?" म्हणजे अडचण गरिबीची नव्हतीच असं आता मला वाटून राहिलं. हॉस्टेलवाले भाऊ, तुम्ही आनंदून जाऊ नका, 'धग' अजून परत काढलेलं नाही. पण लक्ष्मीबाई स्वतःवर हसते आणि कौतिकला हसायला फुरसत नाही, हा फरक आईनं माझ्याआधी पकडला. आमच्या सरांच्या यादीत 'स्मृतिचित्रे' नाही. मी त्यांना सांगणार आहे.

नवेगाववाले दादा, 'रानवाटा' मी स्वतःसाठी शोधून राहिली आहे, आईला विचारायची युक्ती चांगली आहे.

काकाजी, 'वाडा चिरेबंदी'चं ऐकून आईनं एकच विचारलं, "मालकीण कशी हाय त्यातली?" मी म्हटलं वाचल्यावर सांगते. तर ते पाहिजेच आता. आमच्या वाचनालयात नाही, दोन्ही कपाटं पाहिली.

---

वणीचे_काकाजी

माही प्रत नेय. जुनी हाय, पण पानं पक्की हायेत. वणीहून यवतमाळच्या एसटीत पार्सल टाकतो, स्टँडवरून घे. पावतीवर नाव काय टाकू ते मले इथं नको लिहू, सगळे वाचतात, निरोपात धाड. मालकीणबाईच्या भाषणाच्या ठिकाणी मी पेन्सिलीनं खुणा केल्या हायेत, त्या खोडू नको.

---

पऱ्हाटी

निरोप धाडला काकाजी. खुणा नाही खोडणार. दादीचं काम आजीला देऊन पाहते, तशीही ती झोपेतून उठून वेळच विचारते.